ओठांवरचा डाग

माझा आवाज आपल्याला थोडा घोगरा, थोडा चिरका वाटेल. कृपा करून रेडिओची खुंटी फिरवू नका. बिघाड रेडिओत नाही, माझ्या गळ्यात आहे. आणि आज जे सांगायचं आहे, ते या बिघाडापासूनच सुरू होतं.

मी एका फार जुन्या लॅटिन स्तोत्राविषयी बोलणार आहे. मराठीत कविता करणाऱ्या, बी.ए.पर्यंत शिकलेल्या कोकणातल्या एका मुसलमान माणसाचा आणि लॅटिन स्तोत्राचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं. पण या स्तोत्राची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना नकळत झालेली आहे. ‘डो, रे, मी, फा, सोल, ला’ ही अक्षरं आपण कधी ना कधी ऐकलेली असतात. घरातल्या मुलाला की-बोर्डच्या क्लासला घातलं की पहिल्याच आठवड्यात ती घरात येतात. ‘साउंड ऑफ म्युझिक’ हा १९६५ सालचा चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांना त्यातली मुलं आणि ते गाणं आठवत असेल. त्या गाण्यात या अक्षरांना गमतीचे अर्थ दिलेत. त्यांचा खरा जन्म मात्र एका प्रार्थनेत झाला. आणि ती प्रार्थना आहे बसलेला गळा मोकळा व्हावा म्हणून केलेली.

मला ही गोष्ट कळली तेव्हा माझा गळा बंद होता.

२०१८ सालचा जून महिना. त्याआधी वर्षभर माझा आवाज बसत चालला होता. कविसंमेलनात, मुशायऱ्यात मी माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असे. लोक कौतुक करत आणि मला त्याचा अभिमानही होता. खोटं कशाला सांगू, कवितेपेक्षा आवाजाचाच जास्त होता. तपासणीत स्वरतंतूवर गाठ निघाली. आमच्याकडची मंडळी मोठ्या दुखण्याला गोव्यालाच जातात. तिथल्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, ‘गाठ तपासायला पाठवली आहे. आठ दिवसांनी या. तोवर तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.’

म्हापशाजवळ माझी मावसबहीण राहते. आम्ही तिला आपा म्हणतो. ते आठ दिवस मी तिच्याकडे राहिलो. तिच्या नातीची पाटी आणि पेन्सिल माझ्या हवाली झाली. चहा हवा असला तरी पाटीवर लिहायचा. गाठ कसली निघते याची धास्ती होती. आवाज परत येईल का, ही दुसरी धास्ती. आणि तिसरी एक गोष्ट मनात सलत होती. ती पुढे सांगेन.

शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ राहत. चर्चमध्ये ते कित्येक वर्षं ऑर्गन वाजवत आणि मुलांना गाणं शिकवत. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. संध्याकाळी ते आपल्या बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, खुर्ची टाकून बसत. मी पाटी घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसू लागलो. त्यांना ऐकणारा माणूस हवा होता आणि मला ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता.

२४ जूनला गोव्यात सांजांव असतो, म्हणजे संत जॉन द बाप्टिस्टचा सण. पावसाने विहिरी भरलेल्या असतात. डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून, त्याला कोपेल म्हणतात, पोरंटोरं आणि बापे विहिरीत उड्या टाकतात. त्या संध्याकाळी समोरच्या विहिरीवर हाच दंगा चालला होता. मास्तर म्हणाले, ‘कवी बाब, आज ह्या संताचं गाणं. आम्ही लहानपणी लॅटिनमधून म्हणायचो. आता ते कोण म्हणत नाही.’ आणि हलक्या आवाजात ते गायला लागले.

सूर एकेक पायरी चढत होता. ताल नाही, ठेका नाही, साथीला वाद्य नाही. एकच सरळ सूर, शब्दांच्या चालीने चालणारा. या गायकीला ग्रेगोरियन चांट म्हणतात. इसवी सन ६०४ मध्ये वारलेले पोप पहिले ग्रेगरी यांचं नाव परंपरेने तिला जोडलेलं आहे. गाणं संपल्यावर मास्तर म्हणाले, ‘ऐकलंत? हेच डो रे मी.’

मी पाटीवर मोठं प्रश्नचिन्ह काढलं. तेव्हापासून मी या स्तोत्राच्या मागे लागलो, तो आजपर्यंत.

स्तोत्राचं नाव ‘उत क्वेआंत लाक्सिस’. हे त्याचे पहिले तीन शब्दच आहेत. ते आठव्या शतकातल्या पाउलुस दियाकोनुस या भिक्षूने रचलं, असं परंपरा सांगते. हा लोंबार्ड लोकांपैकी. इटलीतल्या माँटे कॅसिनो इथल्या मठात तो राहत होता. आपल्या लोकांचा इतिहासही त्याने लिहून ठेवला आहे. त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री मोठी मेणबत्ती पेटवतात, तेव्हा एक लांबलचक स्तुतिगान एकट्याने गावं लागतं. पाउलुसची पाळी आली आणि नेमका त्याचा घसा बसला. तेव्हा त्याने संत जॉनची करुणा भाकली. आवाज परत आला आणि हे स्तोत्र जन्मलं.

करुणा भाकायला जॉनच का? इथे मी खुर्चीत सरसावून बसलो. कारण पुढची कथा माझ्या घरची होती.

लूकच्या शुभवर्तमानात ती येते. जखऱ्या नावाचा म्हातारा याजक मंदिरात धूप जाळायला आत गेला. देवदूत गॅब्रिएल समोर उभा राहिला आणि म्हणाला, तुला मुलगा होईल, त्याचं नाव जॉन ठेव. जखऱ्याचा विश्वास बसेना. मी म्हातारा, बायको म्हातारी, मुलगा कसा होणार? देवदूत म्हणाला, विश्वास ठेवला नाहीस, तर ते घडेपर्यंत तुझी वाचा बंद. मूल झालं. आठव्या दिवशी नाव ठेवायची वेळ आली. नातलग म्हणाले, बापाचंच नाव ठेवू. जखऱ्याने खुणेने पाटी मागवली आणि त्यावर लिहिलं, याचं नाव जॉन आहे. त्याबरोबर त्याची जीभ मोकळी झाली.

आठ दिवस आणि पाटी! मी माझ्या मांडीवरच्या पाटीकडे बघत राहिलो.

आणि श्रोतेहो, हा जखऱ्या म्हणजे आमचे हजरत जकरिया. हा जॉन म्हणजे हजरत याह्या. लहानपणी आई रात्री अंथरुणावर ही गोष्ट सांगायची. कुराणात ती आले इम्रान या सूरेत आणि मरियम सूरेत येते. तिथेही म्हातारा जकरिया आहे, वांझ पत्नी आहे, मुलाची शुभवार्ता आहे आणि मौनही आहे. एक फरक मात्र आहे आणि तो मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवला. लूककडे मौन ही शिक्षा आहे. कुराणात जकरिया स्वतःच अल्लाहकडे खूण मागतात. तेव्हा त्यांना सांगितलं जातं, तीन दिवस तू लोकांशी बोलणार नाहीस, हीच तुझी खूण. एकच मौन, एकीकडे दंड आणि दुसरीकडे निशाणी. माझं मौन यातलं कुठलं, हा प्रश्न मी त्या रात्री पाटीवर लिहिला आणि पुसून टाकला.

दमास्कस शहरात उमय्या खलिफांनी बांधलेली मोठी मशीद आहे. आठव्या शतकाच्या आरंभी ती उभी राहिली. त्या जागी आधी संत जॉनचं चर्च होतं, त्याच्याही आधी रोमन देवतेचं मंदिर होतं. मशिदीच्या आत, नमाजाच्या दालनातच हजरत याह्यांची समाधी आहे. त्यांचं शिर तिथे असल्याची श्रद्धा आहे. ६ मे २००१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल त्या मशिदीत गेले आणि समाधीपाशी थांबले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. दोन धर्मांची माणसं ज्याच्यापाशी थांबतात, त्याच्या जन्माचं हे स्तोत्र आहे.

आता त्या सूरांच्या पायऱ्यांकडे वळू.

पाउलुसनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, अकराव्या शतकात, इटलीत ग्वीदो नावाचा भिक्षू होऊन गेला. पोंपोझाच्या मठात तो मुलांना गाणं शिकवायचा. त्या काळी स्तोत्रं शेकडो होती आणि ती सगळी पाठ करावी लागत. पोथीत शब्दांवर खुणा असत. त्यांवरून सूर वर जातो की खाली, एवढं कळे. किती वर, किती खाली, हे कळत नसे. ते गुरूच्या तोंडूनच ऐकायचं. दहा दहा वर्षं त्यात जात आणि तरीही न ऐकलेलं गाणं पोथी बघून म्हणता येत नसे. आपल्याकडेही पिढ्यान्पिढ्या असंच चालत आलं. पुढे भातखंडे, पलुस्करांनी स्वरलेखनाच्या पद्धती बसवल्या, तेव्हा कुठे रागातल्या चिजा कागदावर नीट उतरल्या.

ग्वीदोने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे सूर ओळींवर बसवले. कुठली ओळ कुठल्या सुराची हे कळावं म्हणून एक ओळ लाल रंगाने आणि एक पिवळ्या रंगाने काढायला सांगितली. दुसरी गोष्ट म्हणजे हे स्तोत्र. याच्या पहिल्या कडव्यात सहा लहान तुकडे असे आहेत की, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होतो. त्या सहा तुकड्यांची पहिली अक्षरं कोणती? उत, रे, मी, फा, सोल, ला. ग्वीदो मुलांना म्हणे, हे स्तोत्र पक्कं पाठ करा. मग नवं गाणं समोर आलं आणि एखादा सूर अडला, तर आठवा, हा सूर यातल्या कुठल्या तुकड्याच्या आरंभासारखा आहे? तिसऱ्या? मग तो मी. पाचव्या? मग तो सोल. ओळखीच्या गाण्याचा हात धरून अनोळखी गाण्यात शिरायचं.

आपली सरगमही आद्याक्षरांचीच. पण ती स्वरांच्या नावांची आहे. षड्जाचा सा, ऋषभाचा रे, गंधाराचा ग. त्यांची अक्षरं मात्र एका कवितेतून आली. आणखी एक साम्य सांगतो. ग्वीदोच्या परंपरेत ‘उत’ हा एकाच जागी खिळलेला नव्हता, तो सोयीने वेगवेगळ्या सुरांवर धरता येत असे. आपला सा नाही का गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे खालीवर सरकत?

मिखाएल नावाच्या आपल्या सोबती भिक्षूला ग्वीदोने पत्र लिहिलं आहे. त्यात तो म्हणतो की, ज्याला पूर्वी दहा वर्षंही पुरत नसत, ते आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत साधतं. असं करणाऱ्याचं कौतुक व्हायला हवं होतं. झालं उलट. मठातल्यांना ते खपेना. हेव्यादाव्यांनी त्याला पोंपोझा सोडावं लागलं. अरेझ्झो गावच्या बिशपने त्याला आसरा दिला. म्हणून जग त्याला अरेझ्झोचा ग्वीदो म्हणतं. पुढे पोप एकोणिसावे जॉन यांनी त्याला रोमला बोलावलं. त्याची पोथी समोर घेऊन पोपनी स्वतः प्रयोग केला आणि कधीही न ऐकलेली एक ओळ तिथल्या तिथे बिनचूक म्हणून दाखवली. ग्वीदोला रोममध्ये राहायची संधी होती, पण तिथला दमट उन्हाळा त्याच्या प्रकृतीला मानवेना. तो परतला.

सहा सूर झाले, सातवा राहिला. तो पुष्कळ नंतर आला. स्तोत्राच्या कडव्याच्या शेवटी संत जॉनला हाक मारली आहे. लॅटिनमध्ये ‘सांक्ते योहान्नेस’. त्या दोन शब्दांची आद्याक्षरं घेऊन ‘सी’ झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने ‘सी’चा ‘टी’ केला. ‘उत’ गायला अवघड, तोंड मिटतं. म्हणून सतराव्या शतकात इटलीत त्याचा ‘दो’ झाला. फ्रेंच लोक मात्र काही ठिकाणी अजून ‘उत’च म्हणतात.

ही अक्षरं पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली. चर्चला जोडलेल्या गावशाळांत पोरांना आधी सॉल्फा घोटवून घेत, मग हातात व्हायोलिन देत. त्याच घोटणीतून तयार झालेले गोव्याचे वादक पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात आले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावं. आपण जी जुनी हिंदी गाणी गुणगुणतो, त्यांच्यामागचा वाद्यवृंद कागदावर लिहिलेले सूर वाचून वाजवत होता. ती वाचायची युक्ती ग्वीदोची. कुठला मठ आणि कुठलं रेकॉर्डिंग!

मी कवी असल्यामुळे मला या स्तोत्राचं वृत्त बघितल्याशिवाय राहवेना. ते सॅफोच्या नावाने ओळखलं जातं. सॅफो ही इसवी सनापूर्वी सहाशेच्या सुमाराची ग्रीक कवयित्री. कडव्यात तीन ओळी अकरा अक्षरांच्या आणि चौथी फक्त पाच अक्षरांची. मी लघुगुरू मांडले. गा ल गा गा गा ल ल गा ल गा गा. कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं म्हणून शाळेत पाठ केलेले गण आठवले. त, त, ज, ग, ग. म्हणजे आपलं इंद्रवज्रा. गा गा ल गा गा ल ल गा ल गा गा. श्रोतेहो, दोन्ही अकरा अक्षरांची. दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षराने तेवढी जागा बदलली आहे. पुढची आठ अक्षरं जशीच्या तशी! मी पाटीवर दोन ओळी एकाखाली एक लिहून मास्तरांना दाखवल्या. ते हसले. म्हणाले, ‘म्हणून तुमच्या कानाला लगेच लागलं.’

आणखी एक गंमत. याच वृत्तात रोमन कवी होरेसने पुष्कळ लिहिलं. त्याच्या एका कवितेत फिलिस नावाच्या मैत्रिणीला आमंत्रण आहे. मित्राचा वाढदिवस आहे, घरात नऊ वर्षांहून जुनी दारू आहे, ये. फ्रान्समधल्या माँपेलिए इथे अकराव्या शतकातली एक हस्तलिखित पोथी आहे. तिच्यात या मदिरेच्या कवितेवर सुरांच्या खुणा आहेत आणि ती चाल या स्तोत्राचीच आहे. चाल आधी कुणाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. मैफलीतली चाल दर्ग्यावर जाते आणि दर्ग्यावरची नाटकात येते, हे आपण ऐकत आलो आहोत. सूर सोवळंओवळं पाळत नाही.

शब्दही पाळत नाहीत. स्तोत्राच्या पुढच्या कडव्यात देवदूत स्वर्गातून उतरतो. त्या स्वर्गाला कवीने नाव दिलं आहे ऑलिम्पस! ख्रिस्ती भिक्षूच्या प्रार्थनेत ग्रीक देवांचा डोंगर. पण कवी काय करणार? लॅटिन भाषा आपला स्वर्ग बरोबर घेऊनच आली होती. मला आजवर पुष्कळांनी विचारलं आहे, ‘तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसं लिहिता? कवितेत वैकुंठ, कल्पवृक्ष कसे येतात?’ आता मी त्यांना ऑलिम्पसची गोष्ट सांगतो. ज्या भाषेत माणूस रडायला शिकतो, तिच्यातलं आभाळ त्याचंच असतं.

आता मघाशी राहिलेली तिसरी गोष्ट.

मी मास्तरांना पाटीवर विचारलं, पहिल्या कडव्याचा अर्थ काय? माझा समज असा की, ‘देवा, गोड गळा दे’ असं काहीतरी असेल. मास्तरांनी कोकणी-मराठीत तो उलगडून सांगितला. सेवक म्हणतात, तुझी अद्भुत कृत्यं मोकळ्या गळ्याने गाता यावीत, म्हणून आमच्या ओठांवरचा दोष आधी नाहीसा कर. ओठ मळले आहेत, ते धुऊन काढ. बस, एवढंच मागणं. गोडवा मागितलेला नाही, उंच आवाज मागितलेला नाही. मागितले आहेत स्वच्छ ओठ. ‘सोल’ हा सूर ज्या शब्दातून आला, तो शब्द ‘सॉल्वे’, म्हणजे दोषातून सोडव, धुऊन टाक. आणि ‘ला’ ज्यातून आला, तो शब्द ‘लाबिई’, म्हणजे ओठांचा. जगभरातली मुलं रोज सोल, ला म्हणतात तेव्हा त्यांना ठाऊक नसतं, पण ती ‘धुऊन टाक’ आणि ‘ओठांचा’ असंच म्हणत असतात.

मी पाटी खाली ठेवली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये माझे वडील गेले होते. धाकटा भाऊ कुवेतला नोकरीला. तो मातीला पोचला नाही, चाळिसाव्याला आला. घर पाहुण्यांनी भरलेलं. गावच्या घराचा विषय निघाला, शब्दाला शब्द लागला. आणि मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, ‘पैसे पाठवले म्हणजे मुलगा होता येत नाही. बाबा तुझं नाव घेत गेले, तेव्हा तू कुठे होतास?’

माझा आवाज तेव्हा बसू लागला होता, पण ते वाक्य मात्र खणखणीत निघालं. मागच्या दारी भांडी घासणाऱ्या बायांपर्यंत पोचलं. बाबांची औषधं, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, शेवटच्या दिवसांतला ऑक्सिजन, सगळं त्याच्याच पैशांवर झालं होतं. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर फोन नाही.

त्या बल्कांवावर बसून मला एवढंच कळत होतं. गाठीचा अहवाल वाईट आला, आवाज परत आलाच नाही, तर माझ्या भावाच्या कानात माझ्या आवाजाचं शेवटचं वाक्य तेच राहील. तीस वर्षं मुशायरे गाजवले, वाहवा घेतली, आणि शिल्लक राहील ते ते वाक्य. पाउलुसचा घसा ईस्टरच्या रात्री बसला, तेव्हा त्याने आवाजाच्या आधी ओठांचा विचार का केला, हे मला तेव्हा समजलं. आवाज नुसता वाहून नेतो. डाग पडतो तो ओठांवर.

मी हे मास्तरांना पाटीवर लिहून सांगितलं. तीनदा पाटी भरली, तीनदा पुसली. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं. उपदेश केला नाही. म्हणाले, ‘अजून दोन दिवस आहेत ना? मग शब्द निवडून ठेवा. पहिले शब्द महाग असतात.’

आठव्या दिवशी डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं आणि म्हणाले, ‘आ म्हणा.’ जे बाहेर पडलं, त्याला आवाज म्हणणं कठीण. गाठ साधी निघाली. अल्लाहचे आभार मानले. डॉक्टर म्हणाले, ‘बोला, पण थोडं. दोन-चार वाक्यं आणि थांबा. पूर्वीचा आवाज पुरता येईल असं समजू नका.’

आपाच्या घरी येऊन मी कुवेतला फोन लावला. तिकडून भाऊ म्हणाला, ‘कोण बोलतंय?’

मी म्हणालो, ‘मी.’

‘मी कोण?’ त्याने आवाज ओळखला नाही.

नाव सांगितलं. तो गप्प झाला. मला वाक्यं मोजूनच मिळाली होती. म्हणालो, ‘त्या दिवशी बोललो ते चुकलं. बाबांचा मुलगा तूच होतास, मी जवळ होतो एवढंच.’ एवढ्यात गळा संपला.

बराच वेळ तिकडून काही आलं नाही. मग तो म्हणाला, ‘भाई, डॉक्टर काय म्हणाले?’ आणि माझ्या उत्तराची वाट न बघता, ‘आता बोलू नकोस. फोन आपाकडे दे.’

घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही, हेही सांगून टाकतो. कागदपत्रं आहेत, हिस्से आहेत, दोघांच्या बायका-मुलांची मतं आहेत. पण आता तो सुटीवर आला की ओसरीवर बसून भांडतो आणि मग एका ताटात जेवतो. माझा उंच आवाज परत आला नाही. शेवटच्या रांगेपर्यंत जायला मला माइक लागतो. कविता वाचताना मी पूर्वी टाळी मिळेल असा शब्द जोराने टाकत असे, आता तो आधी तपासून बघतो. जोरच नाही, तर तपासायला वेळ मिळतो.

हजरत जकरिया मौनातच लोकांसमोर आले आणि खुणेने त्यांना प्रार्थनेकडे वळवू लागले, असं आई सांगायची. दंड की निशाणी, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. कदाचित ते मौनात नसेलच. मौन सुटल्यावर माणूस पहिलं काय बोलतो, त्यात असेल.

मास्तर आता नाहीत. दर वर्षी २४ जूनच्या संध्याकाळी, पाऊस पडत असला की मी खिडकीशी बसून ते सहा सूर हळूच म्हणून बघतो. उत, रे, मी, फा. तिथपर्यंत ठीक जातं. सोलला गळा ताणावा लागतो, पण पोचतो. ला मात्र अजून फाटतो.